इतिहास घेऊ दे का तिला?

सप्रेम नमस्कार,

आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. लेक इयर इलेव्हनमध्ये आहे, येत्या उन्हाळ्यात जीसीएसई, म्हणजे इथली दहावीसारखी परीक्षा. सिक्स्थ फॉर्मचा, म्हणजे पुढच्या दोन वर्षांचा, फॉर्म लवकरच भरायचा आहे आणि त्यावरून घरात रोज वाद चाललाय. तिला मॅथ्स, इकॉनॉमिक्स आणि हिस्टरी घ्यायचंय. तिचे बाबा आयटीत आहेत. ते म्हणतात, मॅथ्स, फर्दर मॅथ्स, फिजिक्स घे. इतिहास काय, रविवारी वाच. मिरजेहून सासरे व्हिडिओ कॉलवर म्हणतात, ‘एवढ्या लांब जाऊन आर्ट्स?’ पुढे काय करायचं हे तिचं ठरलेलं नाही. कधी लॉ म्हणते, कधी काहीच म्हणत नाही. मॅथ्स आणि हिस्टरीत शाळेने नऊपैकी आठचा अंदाज दिलाय, सायन्समध्ये सातचा. लिहिणं मात्र तिचं हळू आहे. मला स्वतःला शाळेत इतिहास कधी आवडला नाही, त्यामुळे तिची बाजू घ्यायची तर बोलायचं काय तेच कळत नाही. शिवाय शिकणार काय, तर इंग्लंडचे जुने ट्यूडर राजे आणि हिटलर! आपला इतिहास त्यात कुठेच नाही. ट्यूशन लावावी लागेल का, तेही सांगा.

– एक आई

*

ताई,

आधी आजोबांची शंका घेते, कारण घरातला निम्मा वाद तिथून येतोय. त्यांच्या डोळ्यांपुढे आपल्याकडची अकरावी आहे. दहावीला भरपूर टक्के तर सायन्स, मध्यम तर कॉमर्स, आणि उरलेले आर्ट्सला. एकदा शाखा घेतली की पुढची वाट ठरली. इंग्लंडात सिक्स्थ फॉर्मला शाखा हा प्रकारच नाही. मुलं साधारण तीन विषय घेतात आणि शाळेच्या वेळापत्रकात बसेल ते कशाहीबरोबर काहीही घेता येतं. मॅथ्स आणि इकॉनॉमिक्सच्या जोडीला इतिहास घेणारी मुलगी ‘आर्ट्सला गेली’ असं इथे कोणी म्हणत नाही. हे त्यांना एकदा शांतपणे समजावून सांगा. नातीची काळजी वाटते म्हणूनच ते बोलतात.

बाबांची भीती वेगळी आहे आणि ती मला जास्त रास्त वाटते. आज घेतलेल्या विषयांमुळे उद्या एखादं दार बंद होईल का, असं ते विचारताहेत. इंजिनिअरिंगला मॅथ्स लागतं आणि बहुतेक ठिकाणी फिजिक्सही. कॉम्प्युटर सायन्सला मॅथ्स हवंच, आणि केंब्रिज किंवा इम्पीरियलसारख्या ठिकाणी जायचं तर फर्दर मॅथ्स असलेलं बरं. तिच्या मनात यातलं काही खरोखर असेल तर बाबांचं म्हणणं ऐका. मेडिसिनला केमिस्ट्री आणि बहुतेक ठिकाणी बायॉलॉजी लागते. तिसरा विषय इतिहास ठेवून मेडिसिनला गेलेली मुलं मी पाहिली आहेत, पण तुमच्या लेकीला तिकडे जायचं असल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. इकॉनॉमिक्सच्या पदवीला नावाजलेली विद्यापीठं मॅथ्स मागतात, ते ती घेतेच आहे. लॉला कुठलाच विषय सक्तीचा नाही. ऑक्सफर्ड, यूसीएल, एलएसई अशी काही विद्यापीठं लॉसाठी एलनॅट नावाची वेगळी परीक्षा घेतात. तिच्यात उतारे वाचून प्रश्न सोडवायचे असतात आणि एक निबंध लिहायचा असतो. कायद्याचं एक कलमही त्यासाठी माहीत असावं लागत नाही.

म्हणजे तिने निवडलेल्या तीन विषयांनी इंजिनिअरिंग आणि मेडिसिन-विज्ञान ही दोन दारं बंद होतात, बाकी जवळपास सगळी उघडी राहतात. त्या दोन दारांतून तिला जायचंय का, एवढंच तिला सरळ विचारा. ‘नाही’ म्हणाली, तर मन नसताना फिजिक्स आणि फर्दर मॅथ्स करून तिच्या हाती काय लागणार? इथे विद्यापीठाची ऑफर तीन ग्रेडवर मिळते. मनापासून केलेल्या विषयात आलेला ए हा ओढूनताणून केलेल्या विषयातल्या सीपेक्षा केव्हाही चांगला.

बाबांना पटावं म्हणून आणखी एक गोष्ट. ऑक्सफर्ड, केंब्रिज, यूसीएल वगैरे २४ विद्यापीठांच्या रसेल ग्रुपने पूर्वी जास्तीत जास्त वाटा खुल्या ठेवणाऱ्या ए लेव्हल (म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेच्या) विषयांची एक यादी केली होती. २०१९ साली ती मागे घेतली, कारण यादीबाहेरचे विषय हलके आहेत असा लोकांचा समज व्हायला लागला होता. पण त्या यादीत मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री यांच्याच पंगतीला इतिहास होता. या देशात इतिहास हा हुशार मुलांचा, भरपूर मेहनतीचा विषय मानला जातो.

आणि पोटापाण्याचं म्हणाल, तर आज निर्णय तीनातल्या एका विषयाचा आहे. पदवी कशात करायची हे ठरवायला अजून दीड-दोन वर्षं आहेत. इतिहास आणि कायदा यांचं तर जुनं नातं आहे. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश झालेले जोनाथन सम्प्शन आधी ऑक्सफर्डला इतिहास शिकले, तिथे इतिहास शिकवतही होते, मग वकिलीकडे वळले. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे मुंबई हायकोर्टात न्यायदान करत होते आणि मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर पुस्तकही लिहीत होते. साक्षीपुरावा तपासायची सवय दोन्हीकडे लागतेच.

आता तुमची अडचण. तुम्हाला इतिहास आवडला नाही यात तुमचा काही दोष नाही. ‘कारणे द्या’, ‘टीपा लिहा’, तहाची कलमं, राजांच्या सनावळ्या. गाईडमधून पाठ करायचं आणि पेपरात उतरवायचं. लेक त्याच कंटाळ्यात उडी घेतेय असं तुम्हाला वाटत असणार. म्हणून ती दोन वर्षं नक्की काय करणार ते सांगते. मी इथल्या सिक्स्थ फॉर्मला बरीच वर्षं हाच विषय शिकवला आहे.

एक्यूए, ओसीआर, एडेक्सेल, एज्युकास अशी निरनिराळी परीक्षा मंडळं आहेत. कुठलं घ्यायचं ते शाळा ठरवते, पण साचा सगळीकडे सारखाच. ८० टक्के गुण दोन वर्षांच्या शेवटी होणाऱ्या लेखी परीक्षेला, २० टक्के कोर्सवर्कला. अभ्यासाचा पल्ला किमान दोनशे वर्षांचा हवा आणि त्यात ब्रिटनचा इतिहास कमीत कमी २० टक्के. एक्यूएचे पेपर दोन, प्रत्येकी अडीच तासांचे, आणि एका पेपरात उत्तरं लिहायची फक्त तीन. अडीच तासांत तीन उत्तरं म्हटल्यावर पाठांतरावर निभावणार नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

वर्गात काय चालतं याचा एक नमुना देते. एडेक्सेलच्या अभ्यासक्रमात १९१४ ते १९४८ मधल्या भारतावर एक भाग आहे. त्यात जालियनवाला बाग येते. १३ एप्रिल १९१९, जनरल डायर, १६५० फैरी, मृतांचा सरकारी आकडा ३७९ आणि काँग्रेसच्या चौकशीतला सुमारे एक हजार, हे सगळं कुठलंही मूल एका संध्याकाळी पाठ करेल. मग शिक्षक दोन कागद समोर ठेवतात. एक, त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे डायरने दिलेली साक्ष. दुसरा, जुलै १९२० मधलं चर्चिलचं पार्लमेंटमधलं भाषण. बागेत काय घडलं आणि ब्रिटिशांना त्याबद्दल काय वाटत होतं, हे शोधायला या दोन कागदांचा कितपत उपयोग होईल, असा प्रश्न येतो.

डायर साक्षीत सांगतो की गल्ली अरुंद होती म्हणून चिलखती गाड्या बाहेर राहिल्या, आत नेता आल्या असत्या तर मशीनगनही चालवल्या असत्या. हे तो स्वतःहून कबूल करतो, कारण आपण योग्य तेच केलं अशी त्याची खात्री आहे. त्यामुळे गोळीबार कसा झाला यासाठी त्याची साक्ष फार मोलाची ठरते. पण पंजाबात त्या वेळी उठाव होऊ घातला होता का, याबद्दल त्याच माणसावर विसंबून चालत नाही, कारण त्याचा सगळा बचाव त्याच गोष्टीवर उभा आहे. चर्चिल त्या वेळी युद्धमंत्री. तो डायरचा कडक निषेध करतो आणि त्याच दमात, ही ब्रिटिशांची रीतच नव्हे, असंही सांगतो. एका अधिकाऱ्याला दूर लोटलं की बाकीचं साम्राज्य आपोआप धुतलेल्या तांदळासारखं दिसायला लागतं. आणि चर्चिल बोलला म्हणजे अख्खा देश बोलला का? त्याच महिन्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने डायरच्या बाजूने कौल दिला, आणि ‘मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्राने त्याच्यासाठी काढलेल्या फंडात २६ हजार पौंडांहून जास्त रक्कम जमली.

सतरा वर्षांच्या मुलीने हे सगळं मनात जुळवायचं, स्वतःचं मत ठरवायचं आणि तासाभराच्या आत पुराव्यासकट कागदावर मांडायचं. कोण बोलतंय, कधी बोलतंय, कोणासाठी बोलतंय, काय गाळतंय, हे चार प्रश्न दोन वर्षं तिच्या मागे लागतात. फोनवर आलेला प्रत्येक मेसेज खरा मानून पुढे ढकलणाऱ्या आपल्या पिढीने हे शिकायला हवं होतं असं मला नेहमी वाटतं. असो.

पण या विषयाची दुसरी बाजूही तुम्हाला माहीत असायला हवी. वाचन प्रचंड असतं. पाठ्यपुस्तकाचा धडा वाचून भागत नाही. एकाच घटनेवर दोन-तीन इतिहासकार एकमेकांचं म्हणणं खोडत असतात आणि ते सगळे वाचावे लागतात. जीसीएसईला आठ मिळालेली मुलं इयर ट्वेल्व्हच्या, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या पहिल्या वर्षाच्या, पहिल्या निबंधाला डी घेऊन रडवेली झालेली मी पाहिली आहेत. कारण बहुतेक वेळा एकच असतं, ही मुलं नुसती गोष्ट सांगत बसतात. आठव्या हेन्रीने काय काय केलं याचं सुरेख वर्णन येतं, आणि प्रश्न असतो की धर्माच्या बाबतीत त्याने केलेले बदल लोकांनी खरोखर स्वीकारले होते का. पहिल्या वाक्यापासून बाजू मांडायची सवय लागायला सहा महिने जातात, कधी जास्तही. तेवढा धीर तिलाही हवा आणि तुम्हालाही. ख्रिसमसच्या रिपोर्टमध्ये सी दिसला म्हणून ‘बघ, आम्ही सांगत होतो’ असं घरात कोणीही म्हणायचं नाही.

हळू लिहिण्याचा मुद्दा तुम्ही जाता जाता लिहिलाय, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. आधी कारण शोधा. वाक्य सुचायला वेळ लागतो, की सुचलेलं हाताने उतरवायला? सुचायला लागत असेल तर काळजी नको. आधी पाच मिनिटं मुद्दे मांडून मग लिहायचं, हे सरावाने जमतं. हातच चालत नसेल, दुखत असेल, अक्षर लागत नसेल, तर शाळेच्या सेन्कोंना (शिकताना वेगळी मदत लागणाऱ्या मुलांकडे पाहणाऱ्या शिक्षकांना) आत्ताच भेटा. रोजच्या वर्गातही ती कीबोर्डवर लिहिते असं शाळेला दाखवता आलं तर परीक्षेतही तशी परवानगी मिळू शकते. मात्र ऐन परीक्षेच्या तोंडावर मागितली तर मिळत नाही.

आता ‘आपला इतिहास’. शाळेच्या ओपन ईव्हनिंगला जाल तेव्हा हिस्टरीच्या टेबलापाशी थांबून विचारा, मंडळ कुठलं आणि त्यातले भाग कुठले. ट्यूडर आणि नाझी जर्मनी ही जोडी फार शाळांत असते, तुमचा अंदाज चूक नाही. पण एक्यूएत १८५७ ते १९६७ च्या ब्रिटिश साम्राज्यावर एक भाग आहे, एडेक्सेलमधल्या भारताबद्दल वर लिहिलंच. शाळेने जे निवडलंय तेच सगळ्यांना शिकावं लागतं, म्हणून आधी विचारलेलं बरं. कोर्सवर्कबद्दलही विचारा. मंडळाप्रमाणे तीन ते साडेचार हजार शब्दांचा हा निबंध असतो. काही शाळा सगळ्या वर्गाला एकच विषय देतात, काही ठिकाणी विद्यार्थ्याला स्वतःचा प्रश्न निवडता येतो. तुमच्या लेकीला तशी मुभा मिळाली, तर मराठे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यावर काम करता येईल. कंपनीची आणि इंडिया ऑफिसची (भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या खात्याची) दफ्तरं लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत, रेडिंगहून ट्रेनने जाऊन-येऊन एका दिवसाचं काम. आणि त्यासाठी मिरजेचे आजोबा तिला मोठा आधार होतील. इतिहास संशोधक वासुदेवशास्त्री खरे त्यांच्याच गावचे. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी पटवर्धन सरदारांच्या दफ्तरातली पत्रं तपासून खंडामागून खंड छापले. ती मराठी पत्रं नातीला एकटीला लागायची नाहीत. आजोबांनी फोनवर वाचून अर्थ सांगितला, तर त्यांचाही विरोध निवळेल असं मला वाटतं.

पण ट्यूडर राजे वाट्याला आले तरी हिरमुसून जाऊ नका. तुमची मुलगी ज्या गावात वाढली त्या गावाचा तो इतिहास आहे. रेडिंगमध्ये ॲबीचे अवशेष आहेत, ते तुम्ही येता-जाता पाहत असाल. पहिल्या हेन्रीने ११२१ साली तो मठ स्थापला आणि त्याला पुरलंही तिथेच. चारशे वर्षांनी आठव्या हेन्रीने देशभरातले मठ मोडीत काढले, त्यात हाही गेला. तिथला शेवटचा मठाधिपती ह्यू फॅरिंग्डन याला १५३९ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली ठार मारलं. वर्गात ‘मठांचं विसर्जन’ शिकताना तिला या भिंती आठवतील.

आणि शेजारीच, फोरबरी गार्डन्समध्ये, तो मोठा काळा सिंह. त्याच्यापुढे लेकीचा फोटो काढला नाही असं रेडिंगमधलं मराठी घर विरळा. त्याचं नाव मायवांडचा सिंह. १८७८ ते १८८० च्या अफगाण मोहिमेत बर्कशायरच्या, म्हणजे रेडिंग ज्या परगण्यात आहे तिथल्या, ६६ व्या रेजिमेंटचे ३२९ जण मेले, त्यांच्या आठवणीसाठी तो उभारला. त्यातले बरेचसे २७ जुलै १८८० ला कंदाहारजवळ मायवांडच्या लढाईत पडले. त्या दिवशी त्यांच्या खांद्याला खांदा लावून मुंबई इलाख्याच्या फौजेतल्या पलटणी लढत होत्या. बॉम्बे ग्रेनेडियर्स होते, जेकब्ज रायफल्स होती, आणि त्यांचीही माणसं मोठ्या संख्येने कापली गेली. सिंहाखाली नावं आहेत ती ६६ व्या रेजिमेंटची. रेजिमेंटचं स्मारक, रेजिमेंटच्या गावात, तेव्हा त्यात नवल नाही. पण मुंबईच्या पलटणींतल्या शिपायांची नावं कुठे लिहिली गेली, लिहिली गेली का, त्यांच्या घरी निरोप कसा पोचला, हे विचारायला कोणीतरी हवं. ते तुमच्या लेकीला सुचू शकतं, कारण ती दोन्हीकडची आहे. आपला इतिहास अभ्यासक्रमात कुठेच नाही असं तुम्ही लिहिलंत, म्हणून हे इतक्या विस्ताराने सांगितलं.

निर्णय घेण्याआधी दोन गोष्टी करा. तिला हा विषय का हवा ते विचारा. सध्याचे सर फार छान शिकवतात किंवा मैत्रीण घेतेय, एवढंच कारण असेल तर ते पुरेसं नाही. सर दुसऱ्या शाळेत जातील, मैत्रीण विषय सोडेल. मग शाळेकडून ए लेव्हलच्या जुन्या पेपरातला उताऱ्यांचा एक प्रश्न मागून घ्या, मंडळांच्या वेबसाइटवरही ते मिळतात. एखाद्या शनिवारी सकाळी तिला तो वाचू द्या. उत्तर बरोबर येतंय का ते पाहू नका, विषय माहीत नसेल तर येणारच नाही. वाचून झाल्यावर ती जेवणाच्या टेबलावर त्याबद्दल बोलते का, ‘याचं म्हणणं मला पटत नाही’ असं काही म्हणते का, ते पाहा. म्हणाली तर बाबांनी खुशाल तिच्याशी वाद घालावा, तिला तेवढाच सराव. दोन परिच्छेदांत कंटाळून फोन हातात घेतला, तर पुन्हा विचार करा. आणि आत्ता भरलेला फॉर्म म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नाही. ऑगस्टमध्ये जीसीएसईचा निकाल लागल्यावर एनरोलमेंटच्या दिवशी विषय पक्के होतात, आणि वर्गात जागा असेल तर सप्टेंबरच्या सुरुवातीच्या आठवड्यांतही बदलता येतात.

ट्यूशन आत्ता नको. या विषयात शिकवणीतून जे मिळतं ते बहुतेक वेळा तयार नोट्सच्या रूपात मिळतं, आणि तयार नोट्सवर लिहिलेला निबंध परीक्षक पहिल्या पानातच ओळखतो. मॅथ्सला लागली तर लावा. इतिहासासाठी जूनअखेर परीक्षा संपली की सप्टेंबरपर्यंतचे दोन महिने वापरा. शाळा कुठला काळ शिकवणार ते कळल्यावर त्यावरचं एक जाडजूड पुस्तक लायब्ररीतून आणू दे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचू दे, आणि लेखकाचं जे पटलं नाही ते एका वहीत लिहू दे. वही इंग्रजीत असो नाहीतर मराठीत, ती तपासायची मात्र नाही.